अर्ध्या उजेडातला खेळ

१

गुरुवारी दुपारच्या खेळाला फानाल टॉकीजमधले दिवे पुरते विझवायचे नाहीत, हा नियम मादाम देलात्र यांनी घालून दिला होता आणि तो पाळायचं काम कोरालीकडे होतं. हॉलच्या दाराशी भिंतीत एक जुनी दांडी होती. ती खाली ओढत नेली की दिवे मंद होत जायचे. निम्म्यावर लाल चिकटपट्टी लावलेली होती. इतर खेळांना दांडी तळापर्यंत न्यायची, गुरुवारी मात्र पट्टीपाशी थांबायचं.

कारण गुरुवारचा खेळ आयांचा. तान्ही मुलं घेऊन यायचं, मुलाला पाजायचं, कपडे बदलायचे, रडलं तर खांद्यावर टाकून हॉलमध्येच फेऱ्या मारायच्या. आवाज बारीक, उजेड संध्याकाळी चूल पेटवायच्या वेळी असतो तेवढा. मागच्या रांगा काढून तिथे बाबागाड्यांना जागा केली होती. बाहेरच्या फळ्यावर मादामनी खडूने लिहिलं होतं, 'रडलं तरी चालेल.'

"मोठ्या थिएटरात मूल रडलं की माना वळतात," त्या म्हणायच्या. "बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपल्याकडे कोणी मान वळवणार नाही."

उत्तरेकडच्या रूबे गावातल्या त्या विटांच्या गल्लीत फानाल कसंबसं तग धरून होतं. मादामचा नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीने ओढलं होतं, आणि येत्या ईस्टरला कुलूप लावायचं हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. कामाला माणसं दोनच. वर मशीनच्या खोलीत म्हातारा ओक्ताव, आणि खाली तिकिटं, झाडलोट, चॉकलेट-आइस्क्रीम सगळं बघणारी कोराली.

कोरालीची मुलगी नोएमी तेव्हा नुकती बसायला शिकली होती. पाळणाघरात जागा नव्हती. नोएमीचा बाप दक्षिणेत कामाला गेला तो तिकडचाच झाला. म्हणून बाबागाडी तिकिटाच्या खिडकीमागे, आणि एक पाय सतत तिच्या चाकावर. नोएमी रडकी होती. दिवेलागणीला सूर लावायची तो पार रात्र चढेपर्यंत. शेजारी भिंतीवर मूठ आपटायचा. कोराली तिला घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायची आणि मनात एकच म्हणायची, कोणीतरी हिला थोडा वेळ घ्या. कोणीही या, पण घ्या.

असं कोणती आई म्हणत नाही?

२

मोठ्या थिएटरांना नको असलेले सिनेमे फानालला मिळायचे. नोव्हेंबरात आला तो असाच एक.

"हा बघून माणूस एकतर झोपेल, नाहीतर घरी जाऊन बायकोची माफी मागेल," ओक्ताव जिन्यावरून उतरत म्हणाला. "मी झोपलो. मला बायको नाही."

समुद्राकाठचं एकटं घर आणि त्यात एक बाई. तिचं मूल गेलेलं. कसं गेलं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. नवरा येतो, भांडतो, जातो. बाकी सगळा सिनेमा स्वयंपाकघरात. मधे तर एक प्रसंग असा की बाई टेबलाशी बसून बटाटे सोलते आणि बराच वेळ दुसरं काहीच होत नाही. कॅमेरा हलत नाही, बाई मान वर करत नाही. अंगात मोहरीच्या रंगाचा जुना स्वेटर, आणि सुरीखालून सालं पडत राहतात. गल्लीतले लोक त्याला स्वयंपाकघराचा सिनेमाच म्हणायला लागले.

गुरुवारी थोड्याच आया आल्या. त्यांत सामिया होती, जुळ्यांची आई, गल्लीच्या टोकाला राहणारी. तिचे अमीन आणि झाकी एका गाडीत शेजारी शेजारी निजायचे.

कोराली दाराशी उभी होती. बटाट्यांचा प्रसंग चालू होता. तेवढ्यात अमीन दचकून उठला आणि त्याने टाहो फोडला.

पडद्यावरची सुरी थांबली.

बाईने मान किंचित वर केली. डाव्या अंगाला, जिथे सामिया बसली होती त्या अंगाला, कान दिल्यासारखी. स्वयंपाकघरात आवाज नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाची बारीक टकटक तेवढी.

सामियाने अमीनला शालीखाली घेतलं, तो चुटुचुटू प्यायला लागला. बाईने मान खाली घातली. साल पुन्हा पडू लागलं.

कोरालीने आजूबाजूला पाहिलं. कोणाचंच लक्ष पडद्याकडे नव्हतं. सगळ्या आया आपापल्या मुलांकडे बघत होत्या.

३

"सिनेमाच्या डिस्कला कान नसतात, पोरी," ओक्ताव म्हणाला. तो पायरीवर बसून पावात चीज घालून खात होता. "बाईला काहीतरी आठवतं, ती थबकते. अभिनय म्हणतात त्याला. त्याचे पैसे घेतात ते लोक."

"पण अगदी त्याच वेळी?"

"मूल कधीतरी रडणारच ना? त्या बटाट्यांच्या वेळी मीसुद्धा रडतो."

कोरालीला हसू आलं. खरं होतं. रात्र रात्र जागलेल्या बाईच्या डोळ्यांवर किती विसंबायचं? परवाच तिने दुधाची बाटली कपड्यांच्या कपाटात ठेवली होती आणि घरभर शोधली होती.

तरी शुक्रवारी संध्याकाळच्या खेळाला ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. नोएमी झोपली होती, मादाम तिच्यापाशी बसल्या होत्या. हॉलमध्ये पुरता अंधार. प्रेक्षक म्हणजे एक म्हातारं जोडपं आणि ऊब मिळते म्हणून रोज येणारा एक गृहस्थ.

बाईने बटाटे सोलले. एक झाला, दुसरा घेतला. सुरी थांबली नाही. मान वर झाली नाही. घड्याळ टकटक करत राहिलं आणि प्रसंग संपला.

माझंच लक्ष नसेल, कोराली स्वतःशी म्हणाली. एकदा पापणी लवली तेवढ्यात झालं असेल.

पण पापणी लवली नव्हती, हे तिला माहीत होतं.

४

पुढच्या गुरुवारी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती सगळ्यांना आवडली. बटाट्यांचा प्रसंग सुरू झाला आणि हॉलमधली मुलं एकेक करून गप्प झाली. झोपली नाहीत. जागीच होती, टक लावून, ओठ मिटून. सगळा वेळ खांद्यावर किरकिरणारं एक पोर होतं, तेही गप्प.

"अगं, हा सिनेमा आहे की अफूची गोळी?" सामिया बाहेर येऊन म्हणाली. "दोघंही गप्प! लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदा सलग विचार केला. काय विचार केला ते विसरले, पण केला."

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आया मैत्रिणींना घेऊन आल्या, मैत्रिणी बहिणींना. बाबागाड्या जिन्यापर्यंत लागल्या. इतर खेळ ओसाडच होते, पण गुरुवारी उभं राहायला जागा नसायची. मादामनी मंगळवारीही तोच खेळ ठेवला. त्या पुन्हा लिपस्टिक लावायला लागल्या. ईस्टरचं नाव त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच.

कोरालीला गर्दी आवरेना, म्हणून सामिया नोएमीची गाडी आत आपल्या शेजारी घेऊन बसायची. "दोन काय आणि तीन काय," म्हणायची.

नोएमी शांत झाली. पहिल्या रात्री ती रडलीच नाही. कोराली इतकी झोपली की सकाळी घाबरून उठली आणि आधी पोरीच्या नाकाशी हात नेला. श्वास होता. नोएमी जागी होती, उताणी, डोळे उघडे. शेजाऱ्याने जिन्यात टोपी काढून नमस्कार केला.

चार लोकांना सांगावं असं सुख होतं ते. पण हळूहळू कोरालीच्या मनात खडा टोचायला लागला. पोर भुकेला रडत नव्हती. लंगोट ओला होऊन गार पडला तरी रडत नव्हती. नुसती पडून राहायची, मान दाराकडे. दारातून कोराली आली तरी चेहरा फुलायचा नाही. ती कोरालीच्या मागे बघायची. अजून कोणीतरी यायचं आहे, तसं.

लसीच्या दिवशी दवाखान्यात कोरालीने तिला घट्ट धरलं आणि डोळे मिटले. सुई गेली. आवाज नाही.

"अय्या, किती गुणाची पोर!" नर्स म्हणाली. "बाकीच्यांनी सकाळपासून माझे कान किटवलेत."

कोरालीने डोळे उघडले. नोएमीच्या डोळ्यांत पाणी होतं, हनुवटी थरथरत होती, पण तोंड मिटलेलं. ती दाराकडे बघत होती.

"नेहमीच इतकी शहाणी असते का?"

"नाही," कोराली म्हणाली. "नेहमी नाही."

५

"चल, तुझ्या मनातलं भूत काढून टाकतो," ओक्ताव म्हणाला. सकाळची वेळ होती, टॉकीज बंद, हॉलमध्ये कालच्या दुधाचा आंबूस वास. "पोरीला घेऊन बस. मी तेवढाच प्रसंग लावतो. गुरुवारसारखे दिवे ठेव."

कोराली मधल्या रांगेत नोएमीला मांडीवर घेऊन बसली. दांडी लाल पट्टीवर. रिकाम्या खुर्च्यांच्या मखमलीची विटलेली जागा न् जागा दिसत होती. आणि तेव्हाच, बसल्या बसल्या, तिच्या मनात आलं की अंधार असला म्हणजे आपण पडदा बघतो आणि आपल्याला कोणी बघत नाही. आत्ता मात्र त्या दोघी अगदी उघड्यावर बसल्या होत्या. खिडकीशी दिवा लावून बसलेल्या माणसासारख्या.

बाई बटाटे सोलायला लागली. साल पडलं. दुसरं पडलं.

"बघितलंस?" वरच्या झरोक्यातून ओक्तावचा आवाज आला. "ढिम्म! आता तरी—"

नोएमीच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. रडं नव्हतं ते. लहान मूल झोपेत कुरकुरतं तेवढाच.

सुरी थांबली.

बाईने मान वर केली. या वेळी जरा जास्त. केसांची बट गालावरून मागे गेली आणि डोळ्यांच्या खालची कड दिसली. घड्याळाची टकटक ऐकू येत होती. बाई ऐकत होती. नोएमी श्वास धरून बसली होती, आणि कोरालीच्या ध्यानात आलं की आपणही.

पडदा काळा झाला. ओक्तावने बंद केलं होतं.

तो बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा हातातल्या फडक्याला उगाचच हात पुसत होता.

"तो प्रसंग तसाच आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून तसाच असणार. मी झोपलो होतो ना."

"ओक्ताव..."

"तसाच आहे म्हणतोय ना, पोरी! डोकं नको खाऊस."

त्या दिवसापासून त्याने झरोक्यावर खाकी पुठ्ठा लावून टाकला. मशीनच्या उजेडापुरती फट ठेवली, बाकी झाकलं. वाऱ्याचा झोत येतो, म्हणाला.

६

"सिनेमा बदलू या, मादाम," कोराली म्हणाली.

मादाम फळा पुसत होत्या. "काय झालं? भांडलीस का कोणाशी?"

"नाही. मुलांना तो सिनेमा... मुलं रडत नाहीत, मादाम."

मादामनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि त्यांना खरंखुरं हसू फुटलं. "एवढ्या वर्षांत पुष्कळ तक्रारी ऐकल्या गं. खुर्ची मोडली, उंदीर दिसला, सिनेमा कळला नाही. ही पहिलीच!"

"नोएमी सुईलासुद्धा रडली नाही."

"माझा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत रडत होता. मी देवळात मेणबत्त्या लावल्या त्यापायी. आणि तू?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, तू दमली आहेस. तोंड बघ आरशात. इतके दिवस झोप नव्हती, आता मिळतेय तर तिच्यातही खोट काढतेस. आणि हॉल भरतोय, कोराली. भरतोय! मी त्या दारात उभी राहून आत बघते तेव्हा मला वाटतं, अजून आहोत आपण."

मादामच्या हातातलं फडकं कोरालीने धुवायला घेतलं. बोलायचं काय? पडद्यावरची बाई कान देते, असं? स्वतःच्या तोंडून ते वाक्य ऐकलं असतं तर तिचाही विश्वास बसला नसता.

तिने मनाशी एवढंच ठरवलं. काही झालं तरी नोएमीला आता हॉलमध्ये जाऊ द्यायचं नाही.

७

गुरुवारी कडाक्याची थंडी होती, आणि थंडीमुळे आया आणखीच जास्त. तिकिटांच्या खिडकीशी झुंबड उडाली. नोएमीची गाडी कोरालीने खुर्चीमागे अगदी भिंतीला लावून ठेवली होती, पाय चाकावर.

दुधाचे खोके संपले म्हणून ती तळघरात गेली. गेली आणि आली. एवढ्यात गाडी जाग्यावर नव्हती.

"मादाम! नोएमी?"

"सामियाने नेली आत, नेहमीसारखी. अगं, पळतेस काय? खेळ सुरू झालाय!"

हॉलच्या दाराला गोल काच होती. कोरालीने काचेला कपाळ टेकवलं. आत तोच निम्मा उजेड. रांगारांगांतून आयांची डोकी वाकलेली. कुठे हू नाही, चू नाही. इतकी मुलं आणि एवढी शांतता, की खुर्चीची स्प्रिंग वाजलेली दाराबाहेर ऐकू आली.

पडद्यावर स्वयंपाकघर होतं. सुरी टेबलावर आडवी पडली होती. बाईने दोन्ही तळहात टेबलावर टेकले होते आणि पुढे झुकून ती थेट हॉलमध्ये बघत होती. तिची नजर हलत होती. पहिल्या रांगेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, घाईने नाही, शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी राहिलेली आई पोरांच्या घोळक्यात आपलं शोधते तशी. नजर मागे मागे येत होती. गाड्यांच्या ओळीकडे.

कोराली दार ढकलून आत गेली आणि काही विचार न करता तिने दांडी धरली. अंधारात त्या बाईला दिसत नाही. अंधाराच्या खेळांना ती कधी मान वर करत नाही. दिवे घालवले की झालं. तिने दांडी पट्टीच्या खाली, पार तळापर्यंत ओढली.

अंधार झाला. दोन-तीन आया पुटपुटल्या. कोणीतरी म्हणालं, "दिवे गेले वाटतं."

पडद्याचा उजेड तेवढा राहिला. कोरालीने तिकडे पाहिलं. टेबल होतं, सुरी होती, अर्धा सोललेला बटाटा होता. खुर्ची रिकामी होती.

आणि आता कोरालीलाही काही दिसत नव्हतं.

ती गाड्यांच्या ओळीकडे धावली नाही. का कोण जाणे, धावायची भीती वाटली. हाताने एकेक गाडीची कड चाचपत गेली. जुळ्यांची रुंद गाडी लागली. तिच्या पुढची नोएमीची. तिने आत हात घातला, पोरीच्या काखांत बोटं घातली, उचलली. नोएमी ऊबदार होती, जड होती. कोरालीने तिला उराशी घेतलं.

तेव्हा पलीकडून कोणीतरी नोएमीला हळूच ओढलं.

हिसका नव्हता. दमलेल्या बाईच्या हातातून दुसरी बाई मूल घेते ना, एक हात पाठीखाली आणि एक मानेखाली सरकवून, दे इकडे, बस तू जरा, तसं. इतकं ते सवयीचं होतं, इतकं मायेचं, की कोरालीचे हात सैल पडले. किती महिने ती याचीच वाट बघत होती. खोलीत येरझाऱ्या घालताना तिने हेच तर मागितलं होतं. खांदे उतरले. डोळ्यांवर झोप आली, उभ्या उभ्या, गोड. नोएमीचं वजन कमी होत गेलं.

तिच्या मनगटाला लोकरीची बाही घासली. ओली होती. बटाट्याच्या सालांचा, मातीचा वास.

"नको," कोराली म्हणाली. "नको. माझी आहे ती. रडू दे तिला. माझ्याजवळ रडू दे."

काही क्षण काहीच झालं नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या, मूल मधे.

मग पलीकडचे हात निघून गेले. सगळं वजन एकदम कोरालीच्या हातांवर आलं, नोएमीने खोल, लांब श्वास आत घेतला आणि अशी किंकाळी फोडली की हॉलचं छत हाललं असतं.

८

कोराली बाहेर व्हरांड्यात पोचली. नोएमी लालबुंद होऊन रडत होती. तिच्या उघड्या तोंडाकडे, त्या दोन इवल्या दातांकडे बघताना कोरालीला वाटलं, जगात यापेक्षा सुंदर आवाज नाही. काचेच्या दारापलीकडे गल्ली होती, दिवस होता, तळलेल्या बटाट्यांच्या गाडीवर तेलाचा धूर निघत होता. दोन पावलांवर.

ती दोन पावलं गेलीही. मग थांबली.

आत कोणीच रडत नव्हतं.

मूल कडेवर घेऊन ती परत फिरली. तोंडाने पुटपुटत होती, रड, बाई, रड, थांबू नकोस. खांद्याने दार ढकललं आणि दांडी वर सारली, पट्टीच्या वर, जाईल तिथवर. हॉल लख्ख उजळला. नोएमीचा आवाज भिंतींवर आपटला. एक क्षण गेला. मग पहिल्या रांगेत एक मूल रडायला लागलं. मग त्याच्या मागचं. मग एका दमात सगळी, वेगवेगळ्या सुरांत, जत्रेत पिपाण्या वाजाव्यात तशी.

"काय चाललंय काय!" "दिवे काय लावताय?" "किती दिवसांनी माझं गप्प बसलं होतं!" आया उठून उभ्या राहिल्या. मादाम दारात आल्या, चेहरा पांढरा. "कोराली! तू वेडी झालीस का?"

कोराली पडद्याकडे बघत होती. उजेडामुळे चित्र पार फिकट झालं होतं, धुतल्यासारखं. तरी एवढं दिसत होतं की खुर्ची रिकामी नव्हती. बाई बसली होती. पण हॉलकडे पाठ करून. असा प्रसंग त्या सिनेमात नव्हता. मोहरीच्या रंगाचे खांदे मंद लयीत हलत होते, पुढे, मागे, पुढे.

मग वर ओक्तावने मशीन बंद केलं आणि नुसता पांढरा पडदा उरला.

आया गाड्या ढकलत, चडफडत बाहेर निघाल्या. प्रत्येकीने आपलं मूल घेतलं. कोणाचंच हरवलं नव्हतं. कोराली दाराशी उभी राहून प्रत्येक गाडीत डोकावून बघत होती. सगळ्यांची तोंडं उघडी होती, गाल ओले होते.

सामिया शेवटी आली. अमीन तिच्या खांद्यावर हंबरडा फोडत होता. तिने दुसऱ्या हाताने गाडी ढकलत आणली.

"काय गं बाई, भूकंप झाला का?" ती म्हणाली. रागावली नव्हती, दमली होती. "तुझ्या नोएमीने सगळी फौज उठवली. हा बघ कसा ओरडतोय. याच्यापेक्षा माझा झाकी बरा."

कोरालीने गाडीत पाहिलं. झाकी उताणा पडला होता. डोळे उघडे होते, गाल गुलाबी होते. त्याच्या इवल्या कपाळावर केस नीट बोटांनी मागे सारलेले होते. तो हसत होता, आणि त्याची नजर आईवर नव्हती, भावावर नव्हती, कोरालीवरही नव्हती.

"झाकी," कोरालीने हाक मारली. तिने वाकून त्याचा तळवा दाबला, मग चिमटा काढला. जोरात.

"अगं, काय करतेस!" सामियाने तिचा हात झटकला.

झाकी हसतच राहिला.

"बघितलंस?" सामिया म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान होता. "कशालाही रडत नाही. माझा शहाणा तो."

नोएमी कोरालीच्या कानाशी रडत होती. सामियाने गाडीचा टप ओढला आणि ती गल्लीत वळली. अमीनचं रडणं कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिलं. त्या एकट्याचंच.